महिन्याचे दीड हजार दोघांसाठी ठेवा

प्रश्न : आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरात राहतो. हे वाळूजला कंपनीत, मी शाळेत. दोघांचे मिळून 54 हजार हातात येतात. नुकतंच 18 लाखांचं गृहकर्ज घेतलंय, 20 वर्षं, साडेआठ टक्के. दर रविवारी मॉलमध्ये सिनेमा आणि जेवण होतं, त्यात महिन्याला पाच हजार जातात. यांचं म्हणणं, फिरणं बंद करू आणि सगळे पैसे कर्जात भरू. मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. बचत खात्यात 40 हजार आहेत.

ताई, तुमच्या मिस्टरांचा हिशेब चुकीचा नाही, म्हणून आधी तोच मांडते. तुमचा हप्ता साधारण 15,620 रुपये. त्यावर दरमहा पाच हजार जादा भरले आणि व्याजदर हाच राहिला, तर कर्ज साडेअकरा वर्षांच्या आत फिटतं. साडेतीन हजार भरले तर तेरा वर्षं लागतात. म्हणजे महिन्याचे दीड हजार दोघांसाठी राखून ठेवायची किंमत आहे एक वर्ष सात महिने, आणि व्याजापोटी सुमारे 1 लाख 60 हजार. रक्कम लहान नाही. तरीही मी म्हणेन, ती मोजा. आठवडाभर पाळ्या सांभाळणाऱ्या जोडप्याने एकत्र बाहेर पडणंच बंद केलं, तर ती काटकसर फार दिवस टिकत नाही. मग एखाद्या दिवाळीत क्रेडिट कार्डावर सहल होते. असे हिशेब मी पुष्कळ पाहिलेत.

बंद करायचा तो मॉल. आपल्या शहरात राहून दोघांनी रविवारी महिन्याला पाच हजारांच्या हिशेबाने फिरावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बीबी का मकबऱ्याचं तिकीट माणशी 25 रुपये, देवगिरी किल्ल्याचंही 25, वेरूळचं 40. पहाडसिंगपुऱ्यात सोनेरी महालातलं संग्रहालय आहे, विद्यापीठाच्या आवारात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. पैठणला बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय बघा, येताना नाथसागरावर बसा. (पैठणीच्या मागापाशी मात्र नुसतं बघायचं. साडीचा विषय वेगळा, त्याचे पैसे वेगळे.) एसटीत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ते वापरा.

पहिल्या रविवारी मकबऱ्यालाच जा. औरंगजेबाच्या मुलाने, आझम शाहने, आईसाठी बांधलेली ही कबर. खर्चाची नोंद 6,68,203 रुपये 7 आणे अशी सांगतात. आण्यापर्यंतचा हा हिशेब वाचला की माझ्यासारखीला बरं वाटतं. भिंतीजवळ उभं राहून नीट बघा. खालची पट्टी संगमरवराची, वर घुमटही संगमरवराचा, पण मधला बराच भाग दगडावर चुन्याचा गिलावा आहे. हात फिरवला की पट्टी कुठे संपते ते बोटांना कळतं. तिथून निघून गुलमंडीत इमरती खा, नाहीतर नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा), ज्याला जे चालतं ते. पेट्रोल धरून दोघांचे तीनशेच्या आसपास होतील.

आता साडेतीन हजारांचं. ते आजच कर्जात घालू नका. 40 हजारांत तुमच्या घराचा महिना-सव्वा महिनाच निघतो. हप्ता धरून तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे लाखभर रुपये, आधी हाताशी हवेत. दीड वर्ष हे साडेतीन हजार आवर्ती ठेवीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) टाका, मग कर्जाकडे वळा. तुमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही, त्यामुळे या थांबण्याने वेळ जातो, पण दारं बंद होत नाहीत.

सुट्टी बघून बेत ठरवा : वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. आणि पगार झाला की दीड हजार काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. महिन्याअखेर त्यातले दोन-चारशे उरले तर मिस्टर ते कर्जात टाकायला बघतील. तेवढं होऊ देऊ नका. ते अजिंठ्यासाठी साठवा. शंभर किलोमीटरचं अंतर आहे, फर्दापूरच्या फाट्यावरून पुढे वेगळी बस घ्यावी लागते, दिवसभराचं जेवणखाण आलं. तीन-चार महिन्यांच्या उरलेल्या पैशांत ते सहज बसतं.