आधी एका कर्ण्यावर, मग डावे-उजवे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गोंधळाच्या गाण्याचे सुटे ट्रॅक (प्रत्येक आवाजाचे वेगळे ध्वनिमुद्रण) आणि ते डावे-उजवे पसरवून तू केलेले स्टिरिओ मिक्स, दोन्ही मी लक्षपूर्वक ऐकले. तुणतुणे डावीकडे किती टक्के न्यावे, झांज उजवीकडे किती, आणि इतके पसरवूनही गाणे विस्कटलेले का वाटते, असे तू विचारले आहेस. टक्के मी सांगणार नाही. आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारा पॅनचा नॉब शेवटी फिरवायचा असतो आणि तू तो सर्वांत आधी फिरवला आहेस. सगळे ट्रॅक मध्यावर आण, मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्रित आवाजावर, डावे-उजवे एक करणारे मोनोचे बटण दाब, एकाच स्पीकरवर गाणे लाव आणि मुख्य गोंधळ्याचा शब्द अन् शब्द कळेपर्यंत, तुणतुण्याची तार संबळाच्या गजरातून वेगळी ऐकू येईपर्यंत केवळ लेव्हल (आवाजाची पातळी) आणि इक्यू (खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करणे) यांवर काम कर. आधी एका कर्ण्यावर गाणे उभे राहिले पाहिजे, मग डावे-उजवे.

हे गाणे ऐकणार कोण आहे? नवरात्रात ते देवळाच्या कर्ण्यावर लागेल, आणि तेथे अँप्लिफायरला बहुधा एकाच चॅनेलची पिन जोडलेली असते. तुळजापूरहून लातूरकडे निघालेल्या एसटीत दोघी बहिणी एकच इअरफोन वाटून घेतील, डावी बाजू एकीच्या कानात, उजवी दुसरीच्या. तू तुणतुणे पूर्ण डावीकडे टाकले आहेस, म्हणजे त्या दुसरीपुरते तुणतुणे वाजलेच नाही. ज्या तारेवर गोंधळी आपला सूर धरतो, तीच तार निम्म्या श्रोत्यांना ऐकू येऊ नये, हे तुला चालेल का? मला चालत नाही, आणि या बाबतीत मी कोणाचे ऐकणारही नाही.

झीलकऱ्यांचे, म्हणजे मुख्य गोंधळ्यामागे ओळ धरणाऱ्यांचे, तू जे केले आहेस, ते तर ताबडतोब काढून टाक. त्यांचा एकच ट्रॅक असताना त्याची प्रत काढून ती १० मिलिसेकंद उशिराने उजवीकडे ठेवली, की हेडफोनवर मोठा समुदाय गातो आहे असा भास होतो, हे खरे. परंतु त्या दोन प्रती मोनोमध्ये एकत्र आल्या, की ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा क्रमाने वरपर्यंत एकमेकींना खोडत जातात आणि माणसांचा आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. उशीर न देता नुसता एका प्रतीचा फेज उलटा केलास, म्हणजे तिची ध्वनिलहर वरची खाली केलीस, तर मोनोत झील संपूर्णपणे नाहीशीच होईल. रुंदी हवी असेल, तर झीलकऱ्यांना तीच ओळ पुन्हा गायला लाव आणि एक गायन डावीकडे, दुसरे उजवीकडे ठेव. दोन वेळा गायलेली ओळ कधीच तंतोतंत सारखी येत नाही, म्हणून ती खोडली जात नाही. त्यासाठी पुन्हा गावाला जावे लागेल, तर जा.

संबळाकडे नीट पाहा. त्याची दोन भांडी एकमेकांना जोडलेली, एकाच माणसाच्या कमरेशी असतात. तुझ्या मिक्समध्ये लहान भांडे एका टोकाला आणि मोठे दुसऱ्या टोकाला गेले आहे, म्हणजे वाजवणाऱ्याचे हात खोलीच्या दोन भिंतींना टेकले आहेत. मध्यापासून जरासे इकडे, जरासे तिकडे, एवढे पुरे. त्यातही मोठ्या भांड्याचा घुमारा मध्याजवळच असू दे, कारण खालच्या पट्टीतला आवाज कोठून येतो हे कानाला फारसे कळत नाही आणि मध्यावर ठेवल्यास त्याचा भार दोन्ही स्पीकरांवर सारखा पडतो.

पॅन करून झाले, की पुन्हा मोनोत ऐक. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅन लॉ (मध्यावरचा ट्रॅक प्रत्येक बाजूला किती कमी करायचा, तो नियम) −३ डेसिबलचा असेल, तर मोनो केल्यावर मध्यावरचा ट्रॅक टोकावरच्या ट्रॅकपेक्षा ३ डेसिबलने वर येतो. तुझी झांज मोनोत बुडते, ती याच कारणाने. तिला टोकापासून आत घे; तिचा आवाज वाढवत बसू नकोस.

ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लूमलिन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा सिनेमाच्या पडद्यावर नट ज्या बाजूला आहे त्याच बाजूने त्याचा आवाज यावा, हा त्यांचा हेतू होता. डावे-उजवे हे असे जागेसाठी असते, आणि गोंधळ्यांची जागा तुला अंगणात बसून पाहता येते.

कॅसेटच्या काळात आमच्याकडच्या एका वृद्ध गोंधळ्याचे ध्वनिमुद्रण मी केले होते. कॅसेट काढणाऱ्यांना 'भारी स्टिरिओ' हवा होता. त्यांनी गायक एका टोकाला आणि सारी वाद्ये दुसऱ्या टोकाला केली. मी विरोध केला, तर मला हेकट ठरवण्यात आले. ती कॅसेट गावच्या कर्ण्यावर लागली, तेव्हा एक तर नुसता गायकाचा आवाज ऐकू यायचा, नाही तर नुसती वाद्ये. सुटे ट्रॅक त्यांनी पुसून टाकले, गायक आता नाहीत, आणि सुट्या ट्रॅकांवरून ते गाणे नव्याने जुळवण्याचा मार्ग उरलेला नाही. हेकट म्हणणाऱ्यांना मी आजही हेच उत्तर देईन, की माझे म्हणणे बरोबर होते. तुझ्याकडे मात्र सगळे ट्रॅक शाबूत आहेत. ते सर्व एकाच आरंभबिंदूपासून, पॅन आणि इफेक्ट न लावता, २४ बिटच्या वेव्ह फाइलींमध्ये दोन ठिकाणी जपून ठेव.

पुढच्या खेपेस मला स्टिरिओ मिक्स पाठवू नकोस. आधी मोनो पाठव. त्यात झांज, तुणतुणे आणि शब्द मला वेगवेगळे ऐकू आले, तरच आपण पॅनविषयी बोलू.

कळावे, लोभ असावा.