भोंगा आधी वाजला, की इंजिन आधी बंद पडले?

प्रश्न : शापोरा नदीत आमची फायबरची होडी आहे. तिला ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन आहे. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपल्यावर होडी पाण्यात उतरवली, तेव्हापासून वीसेक मिनिटे चालल्यावर भोंगा सलग वाजतो, वेग आपोआप उतरतो आणि कधी कधी इंजिन बंदच पडते. दहा मिनिटांनी ते पुन्हा सुरू होते. प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, तरी फरक नाही. मागून पाण्याची धार येते, पण बारीक. काय करावे?
– एक वाचक, शिवोली

उत्तर : नवा सुटा भाग घेण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करावी : भोंगा आधी वाजतो, की इंजिन आधी बंद पडते? इंजिन तापले किंवा ऑइलचा दाब कमी झाला, तर बहुतेक चार-स्ट्रोक आउटबोर्ड भोंगा वाजवून स्वतःचा वेग कमी करतात. लगेच बंद पडत नाहीत. आपण सांगता त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र आली असावीत, असे मला वाटते, आणि प्लग व कार्ब्युरेटरवर झालेला खर्च त्यांपैकी एकालाही लागू पडलेला दिसत नाही.

भोंगा वाजताच इंजिन बंद करून प्रथम ऑइलची पट्टी पाहावी. इंजिन उभे सरळ असतानाच ती खरी पातळी दाखवते. ऑइल कमी असेल किंवा दुधाळ दिसत असेल, तर होडी ओढून आणावी, पण इंजिन पुन्हा सुरू करू नये.

ऑइल ठीक असेल, तर संशय थंड करणाऱ्या पाण्यावर जातो, आणि आपली बारीक धार तेच सुचवते. धारेच्या भोकात पातळ तार घालून मीठ-वाळू मोकळी करावी. एवढ्याने धार जोरात आली, तर भोकच चोंदले होते. पावसाळ्यात नदीतून प्लॅस्टिकच्या पिशव्या वाहत येतात, त्यामुळे इंजिनच्या खालच्या भागातल्या, पाणी आत घेणाऱ्या जाळ्याही पाहाव्यात. जाळीवर ओढली गेलेली पिशवी इंजिन थांबले की सुटून जाते आणि दोषाचा मागमूस राहत नाही. त्यानंतर पाण्याच्या पंपातले रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाकळ्यांचे चाक, काढून पाहावे. दोन महिने एकाच स्थितीत राहिल्याने त्याच्या पाकळ्या वाकून तशाच राहतात किंवा त्यांना चिरा पडतात. एखादी पाकळी तुटलेली असेल, तर तिचा तुकडा शोधून काढल्याशिवाय नवे इम्पेलर बसवू नये. तो वरच्या वाटेत अडकला, तर नवा पंपही पाणी पोचवू शकणार नाही. धार व्यवस्थित येत असूनही इंजिन तापत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापले की पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून गरम पाण्यात टाकून पाहावा. पाणी उकळण्याच्या बरेच आधी तो उघडायला हवा. धार फक्त पंप चालू असल्याचे सांगते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद राहिला तरी ती येतच राहते.

इंजिन भोंग्याशिवाय, खोकत खोकत बंद पडत असेल, तर इंधन तपासावे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद राहिला, तर टाकीत पोकळी तयार होऊन वीसेक मिनिटांनी पेट्रोल येणे थांबते, इंधनाच्या नळीवरचा रबरी बल्ब चपटा होतो आणि झाकण सैल करताच फुस्स असा आवाज येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अर्धी टाकी दोन महिने पावसाळी हवेत राहिली, की इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि शेवटी पाण्यासह तळाशी बसते. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर सगळे इंधन काढून टाकावे, टाकी पुसून घ्यावी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलावा.

एक विनंती आहे. नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे, तिथे इंजिन बंद पडले, तर इंजिनचे झाकण उघडण्याआधी नांगर टाकावा. लाटा होडी आडवी करतात आणि माणूस इंजिनवर वाकलेला असतो, तीच वेळ घातक असते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

प्रश्न : आमचे इंजिन न खोकता, किल्ली फिरवावी तसे एकदम थांबते. भोंगा वाजत नाही. पेट्रोल नवे आहे.
– एक वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : हे वायरिंगचे लक्षण आहे, इंधनाचे नाही. सुरक्षा-दोरीची (जी ओढली गेली की इंजिन बंद होते) चिमटी पूर्ण बसली आहे का, ते पाहावे. खारट हवेने तिच्या स्विचवर गंज चढतो आणि लाटेच्या हादऱ्यानेही संपर्क सुटतो. त्यानंतर बॅटरीची टोके साफ करून पान्याने घट्ट करावीत. हाताने आवळलेला नट चार फेऱ्यांत सैल होतो.