कोरडवाहू रानाचा गेलेला कस परत येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगोल्याकडे चार एकर कोरडवाहू रान आहे, दरवर्षी डीएपी खत वाढवूनही ज्वारी उतरतच चालली आहे, तर माती परत सुपीक होईल का, आणि त्यासाठी संशोधन केंद्रात खेटे घालून काही हाती लागतं का?

मी शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातला. नऊ एकर, त्यातलं सहा काळं आणि तीन मुरमाड. विहीर आहे, पण पाणी संक्रांतीपर्यंतच. त्यामुळे दुखणं तेच आहे. कस परत येतो, पण एका हंगामात नाही. आणि डीएपीची गोणी वाढवून तर नाहीच.

आधी त्या गोणीबद्दल. डीएपीत नत्र आणि स्फुरद एवढंच असतं. आपल्या आज्या-वडिलांच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचे, त्यातून स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक आपोआप जायचं. डीएपी आलं आणि ते गंधक बंद झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. शिवाय आपली रानं चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. असल्या मातीत टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि बरंचसं पिकाला मिळतच नाही. वर स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त उचलायला अडचण येते. म्हणजे गोणी वाढवून आपण एक कमतरता वाढवतोय, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून माती तपासा. हे सगळेच सांगतात, मीही ऐकलं होतं, आणि पहिल्या वेळी तोंडावर पडलो. बांधाजवळ जिथे वर्षानुवर्षं उकिरडा होता, नेमका तिथूनच खोऱ्याने माती उचलली. अहवाल आला तो सगळं भरपूर असल्याचा! वर्षभर मी त्या कागदावर खूश होतो. दुसऱ्या वेळी नीट केलं. पीक काढल्यावर, मे महिन्यात, रानात नागमोडी चालत दहा-बारा जागा घेतल्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारून व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जाड माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली परत मिसळायची, असं करत अर्धा किलोवर आणायची. सावलीत वाळवायची. काळ्याचा नमुना वेगळा, मुरमाडाचा वेगळा. आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजक्या पाटीत माती ठेवू नका, लोखंड-जस्ताचे आकडे बिघडतात.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर ती फेकू नका, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. ही योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हा कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा असं ठरलं होतं. माझ्या आणि शेजारच्या बापूंच्या पत्रिकेत आकडे तंतोतंत सारखे कसे, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं. बापूंचं रान नाल्याकाठचं, माझं माळावरचं!

माझा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत राहणारा कार्बन, निघाला ०.३८ टक्के. ०.५ च्या खाली म्हणजे कमी. जस्त कमी, गंधक कमी, पालाश मात्र भरपूर. काळ्या रानात पालाश बहुतेक असतंच.

इथे मला माझ्या मामाचा उपयोग झाला. मामा सीमेपलीकडे, विजयपूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यात. कर्नाटकात २००९ पासून भूचेतना नावाचा कार्यक्रम चालला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, कर्नाटकातली कृषी विद्यापीठं आणि राज्याचं कृषी खातं एकत्र आले. गावोगाव मातीचे नमुने घेतले, आणि जिकडेतिकडे गंधक, जस्त, बोरॉन कमी निघालं. मग तालुक्याला काय कमी आहे ते बघून जिप्सम, झिंक सल्फेट, बोरॅक्स रयत संपर्क केंद्रातून निम्म्या किमतीत दिलं, आणि ते कसं टाकायचं हे सांगायला गावातलाच माणूस नेमला. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. शास्त्रज्ञ येऊन बोलून जातो, पण पेरणीच्या सकाळी बांधावर कुणी उभं असेल तरच ते तिफणीखाली जातं.

मामाने सांगितलं म्हणून मी लगेच सगळ्या रानात टाकलं नाही. काळ्या रानात बारा ओळींची एक पट्टी घेतली. जिप्सम पेरणीआधी विस्कटलं आणि एकरी आठ किलोच्या हिशेबाने झिंक सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून दिलं. शेजारच्या बारा ओळी होत्या तशा. दोन्हींची कणसं वेगळी खुडली, वेगळी मळली, वजनकाट्यावर घातली. पहिल्या वर्षी पट्टीत एकरी सव्वा क्विंटल जास्त उतरलं. दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही, आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच वाळल्या.

त्या दुसऱ्या वर्षाने मला जे शिकवलं ते पहिल्याने शिकवलं नव्हतं. ओल नसेल तर जस्त, गंधक, सगळं मातीत पडून राहतं.

सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात मी गेलो तो या ओलीच्या प्रश्नापायी. हे केंद्र १९३३ सालापासूनचं आहे, आता राहुरीच्या विद्यापीठाखाली येतं. आपल्याकडे खरिपात रान पड ठेवायचं आणि रब्बीत ज्वारी घ्यायची रीत. म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा खरा पाऊस पडतो, तेव्हा रान उघडं. पाणी वाहून जातं आणि वरची चांगली माती सोबत नेतं. कस जातो तो असा, ओढ्याने. तिथल्या माणसाने मला उताराला आडव्या सऱ्या किंवा जून-जुलैत दहा बाय दहा मीटरचे चौकोनी वाफे पाडायला सांगितले. पडेल ते पाणी त्याच चौकोनात जिरतं. ट्रॅक्टरवाल्याला हे पटेना, "पेरणीला परत मोडायचंच आहे ना?" म्हणाला. हो, मोडायचंच आहे. पण हस्ताच्या पेरणीला त्या रानात वाफसा टिकून होता आणि शेजारी ढेकळं निघत होती.

दुसरी गोष्ट पाल्याची. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चाललेला एक प्रयोग आहे. रब्बी ज्वारीला लागणाऱ्या नत्राचा निम्मा वाटा सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मा युरियातून द्यायचा. उत्पन्न टिकतं आणि मातीतला कर्बही सुधारतो. मी सुबाभूळ टाळली, कारण ती शेंगा टाकून रानभर उगवते. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं. शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत, हा मोठा फायदा. तिसऱ्या वर्षापासून छाटतोय. कोवळा पाला पसरून कुळवाची एक पाळी दिली की तो मातीत मिसळतो.

शेणखताचं बोलायचं तर, आमच्या माळावरच्या जनावरांचं शेणखत भीमाकाठच्या उसाला ट्रॉलीने विकलं जातं. मीही विकायचो, नगद पैसे येतात. कडबा जनावराला, तुरीची खोडं चुलीला, शेण उसाला, आणि रानाला फक्त गोणी. आता विकणं बंद आहे, पण नऊ एकराला दरवर्षी पुरेल एवढं खत होत नाही. म्हणून एका वर्षी तीन एकर, असं फिरवून टाकतो.

पाटणचेरूच्या त्याच इक्रिसॅटमध्ये १९७६ पासून एका पाणलोटात काळ्या मातीवरचा एक प्रयोग चालू आहे. रुंद वाफा-सरी, तुरीचं आंतरपीक आणि योग्य खतं दिलेल्या रानात सरासरी हेक्टरी ५ टनांच्या आसपास धान्य, आणि जुन्या पद्धतीच्या रानात १.१ टन. हा आकडा ऐकून हुरळू नका. तिथला पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त. आपल्याकडे साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पण दोन रानांत एवढा फरक पडतो तो एका कुठल्या खताने नाही, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आणि खेटे एकट्याने घालू नका. मी एकटा गेलो तेव्हा चहा मिळाला आणि पुस्तिका मिळाली. आम्ही अकरा जण मिळून गेलो, प्रत्येकाच्या अहवालाची प्रत घेऊन, तेव्हा ते लोक स्वतः रानात आले, खड्डे घेतले, आणि बापूंच्या रानात वेगळं, माझ्यात वेगळं असं सांगून गेले. रानात टाकायला तलावातला गाळ आणतानाही हेच. आधी गाळाचा नमुना तपासून घेतला म्हणून कळलं, की सांडव्याजवळचा गाळ निव्वळ वाळू होता. एका दुकानातून "माती सुधारक" म्हणून काळं पाणी डब्याच्या डब्याने विकत घेणारे आमच्यातलेच तिघे होते, त्यात मी एक.

सहा वर्षांत माझा कर्ब ०.३८ वरून ०.४६ वर आलाय. अजूनही कमीच म्हणतात. प्रयोगशाळेच्या मोजण्यातही थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे या आकड्यावर मी नाचत नाही. पण पहिल्या पावसानंतर कुळव आता हलका चालतो, हे बैलवाला सांगतो.

तुम्ही जमिनीची खोली लिहिलेली नाही. मुरूम लागेपर्यंत एक खड्डा घ्या आणि किती फुटांवर लागला ते कळवा. दीड फुटाच्या आत असेल तर रब्बी ज्वारीचा हट्ट सोडून खरिपात बाजरी-तूर बघावी लागेल, आणि वरचं पेरणीचं गणितही बदलेल.