आई-वडिलांना घेऊन इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतांमधल्या लागाझुओई शिखरावर जावं का? पहिल्या महायुद्धाची भुयारं त्यांना झेपतील का?

शिखरावर त्यांना नक्की न्या, भुयारात मात्र नेऊ नका.

फाल्झारेगो खिंडीतून (२,१०५ मीटर) रोपवे थेट वर नेतो. २,७५२ मीटरवरच्या रिफ्युजच्या (डोंगरावरच्या विश्रामगृहाच्या) गच्चीत त्यांना बसवा. आजूबाजूचे खंदक तिथून चार पावलांवर आहेत, तेवढे तेही बघतील. तुम्ही मात्र भुयारातून पायी खाली उतरा. चढत येणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत, म्हणून सांगतो: उतराच.

१९१५ साली इटालियन सैनिकांनी कड्याच्या मधोमध एक अरुंद पट्टी धरली. ऑस्ट्रियन वर होते. कुणीच कुणाला हटवू शकेना, तेव्हा दोघांनीही डोंगर आतून पोखरून सुरुंग पेरायला सुरुवात केली. २० जून १९१७ ला इटालियनांनी सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. त्यासाठी खोदलेली वाट म्हणजेच हे जवळपास १,१०० मीटर लांबीचं भुयार. आणि एवढं करून काय, तर कापोरेट्टोच्या लढाईतल्या पराभवानंतर त्याच वर्षी इटालियन ही जागा सोडून निघून गेले. हे माहीत असलं की आतली प्रत्येक पायरी जास्तच उंच वाटते.

पायऱ्या ओल्या, उंच, कधी लाकडी, कधी नुसता खडक. बाजूला तारेचा दोर. मी शहाणपणा करून फक्त मोबाइलच्या टॉर्चवर गेलो. एक हात फोनला, एक दोराला, मग छतावर डोकं आपटलं तेव्हा चोळायला हातच उरला नाही! हेल्मेट आणि डोक्याला बांधायचा दिवा हवाच. मध्येच खडकात फोडलेला झरोका येतो. गारठलेल्या अंधारातून एकदम खाली खिंडीतला रस्ता, त्यावर मुंग्यांएवढ्या गाड्या. तिथे मी बराच वेळ थांबलो.

दीड-दोन तास धरा. आई-वडील रोपवेने खाली येतील.

मग सगळे मिळून शेजारच्या वालपारोला खिंडीतलं त्रे सास्सी किल्ल्यातलं संग्रहालय बघा. १९१५ मध्ये तोफांनी फोडलेला हा ऑस्ट्रियन किल्ला लहानसा आहे. हत्यारं, गणवेश, सैनिकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू. मी ते आधी उरकलं आणि चुकलो, काचेमागची कुदळ तेव्हा नुसती कुदळच वाटली. भुयारातून आल्यावर तिथे पुन्हा गेलो.

भर उन्हाळ्यातही जाकीट घ्या, वरही लागतं आणि आतही.