ऑनलाइन प्रेस रिलीज कोणत्या दिवशी, किती वाजता टाकलं तर जास्तीत जास्त प्रसिद्धी मिळते?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा ते बारा. कुठेही शोधलंत तरी हेच सापडेल, आणि ते चूक नाही. पण मी मंगळवारीच तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

२०१६ साली भोसरीतल्या एका सोलर हीटरच्या कंपनीत मी प्रसिद्धीचं बघायचो. म्हणजे प्रेसनोट लिहिण्यापासून पत्रकारांच्या चहापर्यंत सगळं. चाकणला नवा प्लांट सुरू होत होता. दिवाळी नुकतीच आटोपलेली, बातम्यांचा दुष्काळ, वर्तमानपत्रांचे डेस्कवाले, म्हणजे बातम्या निवडणारे, काहीही घेतील असे दिवस. सोमवारी, ७ नोव्हेंबरला सकाळी नोट तयार होती. साहेबांनी अडवली. का, तर फोटोत त्यांचा जुना कोट होता. नव्या ब्लेझरमधला फोटो येईस्तोवर मंगळवारची संध्याकाळ झाली. ‘रात्री लोक मोबाईल जास्त बघतात’ हा त्यांचा सिद्धांतही होताच. साडेसातला पैसे भरून वायर सेवेवर (प्रेसनोट एकदम अनेक माध्यमांना पोचवणारी सेवा) टाकली, शिवाय साठेक बातमीदारांना मेल केली.

आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशे-हजारच्या नोटा गेल्या.

सव्वाआठला मी एका ओळखीच्या उपसंपादकाला फोन लावला. (हो, लावला. अक्कल तेव्हा तेवढीच होती.) तो म्हणाला, ‘‘हीटर राहू दे, खिशात पाचशेच्या किती आहेत ते मोज.’’ बुधवारी ट्रम्प निवडून आले. गुरुवारी बँका उघडल्या, तर साहेबांनी मला चार हजार बदलून आणायला रांगेत उभं केलं. तिथे एका न्यूज साइटचा बातमीदार आला. मी हीटरचं सांगतोय, तो रांगेचं विचारतोय. दुपारी बातमी पडली: ‘दोन तास उभा आहे,’ आणि पुढे माझं नाव. त्यावर साहेब: ‘‘कंपनीचं नाव का नाही घातलंस?’’

नोटाबंदी कुणालाच आधी कळणार नव्हती, कबूल. पण तयार प्रेसनोट दाबून ठेवायची नाही, एवढं तर हातात असतं ना? सोमवारी सोडली असती तर दुपारपर्यंत चार साइट्सवर चढली असती, मंगळवारच्या अंकात आतल्या पानावर लागलीही असती.

बाकी, १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, मतमोजणी, भारताची फायनल हे दिवस सोडा. बरोबर दहाला शेड्यूल करू नका, सगळे तेच करतात. दहा वाजून सात मिनिटांनी टाका. मजकूर युनिकोडमध्ये मेलमध्येच द्या, पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरांची भाजी होते. शुक्रवारी संध्याकाळी फक्त लपवायच्या बातम्या सोडतात.

आणि हो, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर यातलं बरंचसं विसरा. महत्त्वाची माहिती आधी एक्स्चेंजला द्यावी लागते, प्रेसला नंतर. अमेरिकेतले वाचक हवे असतील तर त्यांची सकाळ ही आपली संध्याकाळ, तेव्हा साडेसात चालेल.

‘टायमिंग याचं चुकलं होतं,’ असं साहेब माझ्या निरोप समारंभातही हसत हसत म्हणाले. मेलमध्ये अजून आहे: ७ नोव्हेंबर, सकाळी १०:०४, ‘साहेब, सोडू का?’ आणि १०:५१ ला आलेलं उत्तर: ‘थांब, कोट बदलतो.’