सीसी११०१ या रेडिओ चिपवर पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी कशी ठेवायची?

तुम्हाला ४३३.४२ मेगाहर्ट्झवर पाठवायचं आहे, ४३४.४२वर ऐकायचं आहे, आणि डेटाशीटमध्ये रिसीव्हच्या (ऐकण्याच्या) फ्रिक्वेन्सीचं रजिस्टर, म्हणजे चिपमधली सेटिंग लिहायची जागा, सापडत नाही. सापडणारही नाही, कारण ते नाहीच. या चिपमध्ये सिंथेसायझर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) एकच आहे. पाठवताना आणि ऐकताना तोच आळीपाळीने वापरला जातो. फ्रीक२, फ्रीक१ आणि फ्रीक० या तीन बाइटांत जो आकडा असेल, तो दोन्ही कामांना लागू. त्यामुळे दिशा बदलली की दरवेळी आकडाही बदलायचा. एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं हवं असेल, तर ही चिप त्या कामाची नाही.

आकडा काढायला हवी ती फ्रिक्वेन्सी भागिले क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी, गुणिले ६५,५३६. बहुतेक मॉड्यूलवर क्रिस्टल २६ मेगाहर्ट्झचा असतो, पण त्याच्यावर छापलेलं एकदा वाचून घ्या. ४३३.४२साठी १०,९२,४८५ येतात, म्हणजे दशमानात बाइट १६, १७१, १३३. ४३४.४२साठी १०,९५,००६, म्हणजे १६, १८१, ९४. एक पायरी साधारण ३९७ हर्ट्झची असते, तेव्हा जवळचा पूर्णांक घेतल्याने काही बिघडत नाही.

इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी (ऐकताना चिप सिग्नल आतल्या आत ज्या कमी फ्रिक्वेन्सीवर आणते ती) यात मिसळू नका. ऐकताना चिप ती स्वतःच वजा करते. तुम्हीही वजा केलीत, तर रिसीव्हर तेवढाच बाजूला जाऊन बसतो (रीसेटनंतरच्या सेटिंगला ३८१ किलोहर्ट्झ) आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. जुन्या सीसी१०००चा प्रकार वेगळा होता: तिथे ए आणि बी अशी दोन फ्रिक्वेन्सी रजिस्टरं होती आणि रिसीव्हचा आकडा १५० किलोहर्ट्झ सरकवून आपणच भरायचा. नेटवरचा एखादा जुना कोड उचलताना तो कोणत्या चिपचा आहे ते आधी बघा.

आता क्रम. आधी चिपला आयडल म्हणजे निष्क्रिय अवस्थेत नेणारी एसआयडल कमांड द्या आणि मार्कस्टेट रजिस्टरमध्ये १ दिसेपर्यंत थांबा. फ्रिक्वेन्सी फक्त आयडलमध्येच बदलायची असते. मग तीन बाइट लिहा, आणि नंतर एसटीएक्स (पाठव) किंवा एसआरएक्स (ऐक) कमांड द्या. खरी गोम कॅलिब्रेशनची, म्हणजे सिंथेसायझर नव्या फ्रिक्वेन्सीला जुळवून घेण्याची आहे. फ्रिक्वेन्सी बदलल्यावर सिंथेसायझर पुन्हा कॅलिब्रेट व्हायला हवा, आणि रीसेटनंतर ऑटो कॅलिब्रेशन बंद असतं. एमसीएसएम० रजिस्टरमधलं एफएस_ऑटोकॅल १ करा, म्हणजे आयडलमधून बाहेर पडताना चिप ते काम आपोआप करेल. त्यात दरवेळी पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास जातो. एवढाही वेळ परवडत नसेल तर सुरुवातीलाच दोन्ही फ्रिक्वेन्सींवर एकेकदा कॅलिब्रेट करून एफएसकॅल३, २, १ या रजिस्टरांच्या (कॅलिब्रेशनचा निकाल इथे असतो) किमती कंट्रोलरच्या मेमरीत ठेवा आणि दिशा बदलताना ऑटोकॅल बंद ठेवून त्या परत लिहा.

एमसीएसएम१मधलं टीएक्सऑफ_मोड (पाठवून झाल्यावर कोणत्या अवस्थेत जायचं) तपासा. पॅकेट गेल्यावर थेट रिसीव्हमध्ये जाण्याची सोय अनेक लायब्ररी चालू ठेवतात. एरवी ती छान आहे, पण तुमच्या कामात चिप पाठवायच्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत बसेल. पाठवून झाल्यावर आयडल, एवढंच ठेवा. पॅकेट ऐकून झाल्यावरच्या आरएक्सऑफ_मोडलाही हेच लागू.

तुमच्या दोन फ्रिक्वेन्सींत नेमका १ मेगाहर्ट्झचा फरक आहे, म्हणून एक सोपी वाटही आहे. मूळ आकडा ४३३.४२चा ठेवा, चॅनेलमधलं अंतर रीसेटनंतर असतं तेच (१९९.९५ किलोहर्ट्झ) राहू द्या, आणि चॅनएनआर या चॅनेल क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये पाठवताना ०, ऐकताना ५ लिहा. २४४ हर्ट्झ कमी पडतात, पण क्रिस्टलच्या २० पीपीएम (दहा लाखांत २०) चुकीने या पट्ट्यात पावणेनऊ किलोहर्ट्झ इकडेतिकडे होतात, तिथे २४४ला कोण विचारतो! आयडल आणि कॅलिब्रेशन मात्र इथेही चुकत नाही.

पाठवण्याआधी चॅनेल मोकळा आहे का हे चिपकडून तपासून घेत असाल, तर तो तपास ती रिसीव्हमध्ये असतानाच करते, म्हणजे तुमच्या बाबतीत ४३४.४२वर. खरा तपास हवा असेल तर क्षणभर ४३३.४२वर रिसीव्हमध्ये जाऊन आरएसएसआय (सिग्नलची ताकद) वाचा, मग पाठवा. समोरच्या नोडवर अर्थातच सगळं उलटं.