वाचकांचे प्रश्न : उन्हाळाअखेरचं पक्षी-रिंगिंग

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. ऑगस्टअखेर बोरूच्या दलदलीत पक्ष्यांना रिंग (पायात आकडे कोरलेलं कडं) घालण्याच्या कामात मदतीला जाणार आहे. काय करावं लागतं? पक्ष्याला इजा होत नाही ना? (वाचक, सातारा)

उत्तर : या दिवसांत सेज वॉर्बलर, रीड वॉर्बलर हे आपल्या वटवट्यांचे भाईबंद आफ्रिकेकडे निघालेले असतात. बोरूत कापलेल्या वाटांवर बारीक काळ्या धाग्याची जाळी (मिस्ट नेट) सूर्योदयापूर्वीच उघडतात, म्हणून तिला पहाटेच पोचावं लागेल. वारा असला की जाळं फुगतं, पक्ष्यांना दिसतं, आणि अडकलेलं पाखरू हेलकावे खात आणखी गुंततं. पावसात जाळी उघडायचीच नाहीत. दहा-बारा ग्रॅमचा जीव भिजला की लगेच गारठतो. दर २०-३० मिनिटांनी फेरी मारायची, ऊन चढलं की त्याहून लवकर.

इजा टाळण्याचं खरं कसब जाळ्यातून सोडवण्यात आहे. पक्षी कुठल्या बाजूने शिरला ते आधी पाहायचं आणि त्याच बाजूने काढायचा. त्याने पंजात धागे घट्ट धरलेले असतात. बोटं उचकटत बसू नये. पाय दुमडलेला असतो तेव्हा बोटं आवळणारा स्नायुरज्जू ताणलेला असतो. पाय हळूच सरळ केला की बोटं आपोआप सैल पडतात. जिभेच्या मागच्या काट्यांत धागा अडकला आणि सहज निघेना, तर धागा कापावा. जाळं पुन्हा शिवता येतं.

मग एका सुती पिशवीत एकच पक्षी. शिवण बाहेरच्या बाजूला हवी, नाहीतर सुट्या दोऱ्यांत नखं अडकतात. रिंग खास पकडीने बंद करतात. दोन्ही टोकं नेमकी भिडली पाहिजेत. एकावर एक चढली तर रिंग पायाला काचते. ती सहज फिरते ना, वर-खाली सरकते ना, हे पाहिल्याशिवाय पक्षी सोडायचा नाही. पिसं फुलवून डोळे मिटणारा पक्षी मात्र मोजमापाविना ताबडतोब सोडावा.

हाताळायला तिथे परवाना लागतो, त्यामुळे सुरुवातीला तिच्याकडे बहुधा नोंदींची वहीच येईल. रिंगचा आकडा मोठ्याने परत वाचून दाखवायचा. एक अंक चुकला तर तो पक्षी पुढे सापडूनही ओळखता येत नाही.

प्रश्न : जात एकच, तर रिंग घालताना प्रत्येकाचं वजन कशाला? (वाचक, पुणे)

उत्तर : प्रवासाची तयारी वजनातच कळते. एरवी ११-१२ ग्रॅमचा सेज वॉर्बलर बोरूवरची मावा कीड खाऊन १८ ग्रॅमच्याही वर जातो, आणि सहाराच्या पलीकडे जवळजवळ एका दमात पोचतो. रीड वॉर्बलर थांबत-थांबत जातो, म्हणून इंग्लंडमध्ये एवढा लठ्ठ होत नाही. गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर घाला : खळगीत कातडीखाली पिवळी चरबी दिसते. वय मात्र पंखांवरून कळतं. या दोन्ही जातींचे प्रौढ पक्षी पिसं आफ्रिकेत बदलतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांचे पंख झिजलेले, तर यंदाच्या पिल्लांचे कोरे करकरीत असतात.

प्रश्न : रिंग असलेला मेलेला पक्षी सापडला तर? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रिंगवरची सगळी अक्षरं-आकडे उतरवून घ्या, फोटो काढा, आणि जागा व तारखेसह मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. रिंग परदेशी असली तरी हरकत नाही. पक्षी जिवंत असेल तर रिंग काढू नका.